पाटाची जाऊ आणि पाटातले मासे

आमच्याकडे पाट म्हणजे तीन. बसायचा लाकडी पाट, शेताला पाणी नेणारा पाट, आणि विधवेचं दुसरं लग्न लावतात तोही पाटच. माझी धाकटी जाऊ आमच्या घरात पाटानं आली. आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती पाण्याच्या पाटात उतरली, आणि त्या संध्याकाळी आमच्या सासऱ्यांनी स्वतः उठून तिला बसायला पाट सरकवला. मला बारा वर्षांत कधी सरकवला नव्हता. आज मी धुळ्याच्या देवपुरात मुलाच्या घरी गॅलरीत बसून हे लिहिते आहे, डोक्याचा कापूस झालाय, तरी तो सरकलेला पाट आठवला की पोटात दुखतं. कशाला खोटं बोलू?

मी रावेरकडची, केळीच्या बागांतली. मॅट्रिक पास. वाजतगाजत, मांडवाखालून, अंगावर अक्षता घेऊन पांझरेकाठच्या या गावात आले. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर जुना दगडी बंधारा होता. त्यातून निघालेला पाट गावाची शेती भिजवायचा. पाणी पाळीपाळीनं मिळायचं, आणि कुणाची पाळी कधी हे ठरवायला गावानं एक हवालदार नेमलेला असे. पोलिसातला नव्हे, पाण्याचा. ते आमचे सासरे. सगळं गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो.

दर उन्हाळ्यात पाट बंद करून त्यातला गाळ काढायचा रिवाज होता. घरटी एक माणूस. नाना स्वतः बंधाऱ्यावर उभे राहून पाटाच्या तोंडाला फळ्या टाकायचे. पाणी ओसरलं की मोऱ्यांखालच्या खोलगट जागी डबकी राहायची आणि पाटातले सगळे मासे त्यात येऊन अडकायचे. मरळ, वाम, शिंगाळा, आणि बोटाएवढी चंदेरी मासळी, जिचं नाव विचारायला कुणी थांबत नसे. गाव टोपल्या घेऊन तुटून पडायचं. मोठे मासे घरोघरी रश्श्यात जायचे, बारके तिथंच चिखलात तडफडून सुकायचे. पुढचे आठ दिवस पाटाकडून वारा आला की नाकाला पदर लावावा लागे.

आमचं घर माळकरी. मी माहेरी तापीची मासळी खाऊन वाढले, आणि इथं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वरण-भाकरी, कळण्याची भाकरी, पुन्हा वरण. गाळाच्या दिवसांत शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की मी चुलीपुढं बसून गिळायची. नाना पाटावरून घरी येत, हातपाय धूत, ताटावर बसत आणि दरवर्षी तेच म्हणत, "पाट मी बंद करस. बठ्ठं पाप मन्हा माथे." सगळं पाप माझ्या माथी. मी म्हणायची, जेवा नाना, भाजी गार होते. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून बारा वर्षं ऐकून सोडून दिलं.

माझ्या दिराची पहिली बायको काविळीनं गेली होती. त्याच्यासाठी म्हणून हिला आणलं, धुळे तालुक्यातल्याच एका पाटकऱ्याची पोर. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा माणूस. पोर पाटाच्या कडेकडेनंच वाढलेली. तिचा पहिला नवरा लग्नाच्या वर्षातच विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, आणि तिकडच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून तिला माहेरी आणून सोडलं. आमच्याकडे चार माणसांत पाट लागला. ना मांडव, ना वाजंत्री. मी ओवाळलं नाही. मला वाटलं, चला, आपल्या पायरीखाली एक पायरी आली. देवाशप्पथ असंच वाटलं.

त्या उन्हाळ्यात नानांनी पाट बंद केला, जेवायला बसले आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणाले. ही कोपऱ्यात लसूण सोलत होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, नाना, मळ्यातल्या पायविहिरीला उन्हाळाभर पाणी राहतं का? नाना म्हणाले, राहतं. बस्स, एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सड्याआधी हिनं सासूबाईंचं एक जुनं लुगडं मागून घेतलं, हंडा घेतला आणि पाटावर गेली.

तिची काम करायची एक रीत होती. आधी हात पाण्यात बुडवून ओले करायची, मगच माशाला हात लावायची. कोरड्या हातानं धरलं की माशाची बुळबुळ निघते, मग तो आठ दिवसांत मरतो, असं तिचा बाप सांगे म्हणे. लुगड्याचं एक टोक ती धरी आणि दुसरं धरायला माणूस लागे. पहिल्या दिवशी तिनं ते टोक दगडाखाली दाबलं. तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तर काय बघते? नाना धोतर खोचून गुडघाभर चिखलात, आणि लुगड्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात. ज्या सासऱ्यापुढं मी बारा वर्षांत मान वर केली नाही, तो सुनेबरोबर मासे धरतोय आणि हसतोय. नानांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

हंड्यातले मासे बैलगाडीवरच्या पिंपात आणि पिंपातून मळ्यातल्या पायविहिरीत. मरळ तेवढी वेगळी. ती बारक्या माशांना खाते, म्हणून तिला विहिरीशेजारच्या, गुरांना पाणी पाजायच्या हाळात ठेवायचं. मग उन्हाळाभर ही रोज विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसून मूठभर कोंडा टाकायची. मासे पायरीशी येऊन वाट बघायचे. आषाढात नदीला पाणी आलं की त्याच पायरीवर लुगडं पसरून त्यांना धरायची आणि बंधाऱ्याच्या वरच्या डोहात नेऊन सोडायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मला मासळी डोळ्यांनी बघायची बंदी, आणि इथं टोपल्यांनी मासळी माझ्या घरची होऊन विहिरीत पोहते. कधी कधी मी पायरीवर उभी राहून एखाद्या जाड शिंगाळ्याकडे बघत माहेरची चिंचेची आमटी आठवायची.

गाव आधी हसलं. हसायला सुरुवात मीच करून दिली होती. पिठाच्या गिरणीवर बायकांत मी म्हटलं, पाटाची ती, पाटातच जाणार! बायका डबे हातात धरून हसल्या. मी घरी पोचायच्या आत ते वाक्य पाणवठ्यावर पोचलं होतं. तिच्याही कानावर गेलं असणार. ती मला अक्का म्हणायची तशीच म्हणत राहिली. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या वर्षी गाव हसायचं थांबलं. गाळ काढणारी माणसं बारकी मासळी स्वतःच तिच्या हंड्यात टाकू लागली. "आमनी पाटकरीण" असं नाना तिला चारचौघांत म्हणू लागले. आता ऐका. मी घरची थोरली सून. दोन मुलं माझी. नानांचा दमा उठला की छातीला शेक मी द्यायचा, त्यांची गोळी-काढा मी बघायचं. मला नानांनी कधी काही म्हटलं का? "थोरली" म्हणत. ते काय नाव झालं? आणि ही चौथी पास, कूस अजून उजवायची, येऊन दोन उन्हाळे नाही झाले, तर पाटकरीण! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कढईत चमचा आपटून मी तो बाहेर काढायची. आमचे हे म्हणत, भांडी काय गुन्हा करतात?

खरं सांगायचं तर मला मासे नको होते, लुगड्याचं ते दुसरं टोक हवं होतं. नानांचं ते वाक्य आधी मी ऐकलं होतं. बारा वेळा. तिनं एकदाच ऐकलं.

सासूबाईंना मात्र ती कधी आवडली नाही. पांढरा पाय, पांढरा पाय, हे त्यांचं चालूच. म्हैस आटली तरी हिचा पाय, कपाशीवर कीड पडली तरी हिचा पाय. ती ऐकून घ्यायची. फक्त एकदा पाटावर मला म्हणाली होती, "अक्का, इतला मासा मन्हा हातखाल ग्यात, एक बी मरना नही." माझ्या हाताखालून एवढे मासे गेले, एकही मेला नाही. सांगताना तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिला कुणी कागदावर शिक्का मारून दिलाय. तेव्हा मला कळलं की हा माशांचा खेळ नाही. ही बाई स्वतःची तपासणी करून घेतेय. कळलं, आणि तरीही मी जळतच राहिले.

तिसऱ्या उन्हाळ्यात खालच्या गावांत जुलाब-उलट्यांची साथ आली. ग्रामपंचायतीनं सगळ्या पिण्याच्या विहिरींत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची दवंडी दिली. ती पांढरी, नाकात झोंबणारी पावडर आठवत असेल. ही माहेरी चुलत्याच्या तेराव्याला गेली होती. नाना बंधाऱ्यावर. मी मळ्यात मजुरांना भाकरी घेऊन गेले होते. टळटळीत दुपार. पंचायतीचा शिपाई नाकाला रुमाल बांधून, सायकलला पिशवी लावून आला आणि विहिरीपाशी थांबला.

मला म्हणाला, "वहिनी, इथलं पाणी कोणी पितं का? पीत नसतील तर राहू देतो. मासे आहेत म्हणतात हिच्यात."

बघा, त्यानं विचारलं होतं. माशांचंही सांगितलं होतं. 'नाही पीत' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हटलं, "पितात की. मजूर पितात."

आणि हे म्हणताना माझ्या कमरेवर पाण्याचा हंडा होता. गावातून, मजुरांसाठीच भरून आणलेला. साथ आल्यापासून मजूर विहिरीचं पाणी पीत नव्हते, आम्हीच त्यांना बजावलं होतं. त्याआधी पीत असत, हे खरं. म्हणजे मी अगदीच खोटं बोलले असंही नाही. या 'असंही नाही'वर मी पुढचं एक वर्ष काढलं.

शिपायानं एकवार हंड्याकडे पाहिलं. मग पायऱ्या उतरला. विहिरीत पाणी कमी, आणि त्याच्या पिशवीत शेवटची पावडर उरलेली; ती परत कुठं न्यायची म्हणून त्यानं सगळी ओतली. मी थांबले नाही. मजुरांना भाकरी वाढल्या, ठेच्याला मीठ कमी झालंय म्हणून स्वतःवरच करवादले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पांढरी पोटं तरंगत होती. एक इंच पाणी दिसत नव्हतं. हाळातल्या चार मरळी तेवढ्या जगल्या, कारण हाळात पावडर टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुपारच्या एस.टी.नं ही आली. कुणीतरी स्टँडवरच सांगितलं असेल, कारण घरी न येता पिशवीसकट थेट मळ्यात गेली. मी लांबून बघत होते. ती पायरीवर बसली, आधी हात ओले केले, आणि एकेक मासा उचलून टोपलीत ठेवू लागली. मेलेल्या माशाला हात लावायला ओले हात कशाला लागतात? पण तिनं केले.

रडली नाही. संध्याकाळी चुलीपुढं येऊन बसली तेव्हा एवढंच म्हणाली, मी हात लावते ते मरतं. सासूबाईंना तेच हवं होतं. त्यांनी माजघरातूनच सुरुवात केली, मी पहिल्या दिवसापासून सांगते की... नाना ओट्यावर बसून होते. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. सगळ्याच विहिरींत पावडर पडली होती, तशी इथंही पडली असं गावानं धरलं. चोराच्या मनात चांदणं. नाना पाणी मागायला वळले तरी मला वाटे, आता विचारतात.

आषाढात तिनं त्या चार मरळी डोहात नेऊन सोडल्या आणि लुगडं धुऊन, घडी घालून सासूबाईंना परत केलं. त्यानंतर ती मळ्यात गेलीच नाही. माशांचा विषय निघाला की उठून जायची. लेकराला उचलून घेताना आधी माझ्याकडे बघायची, घेऊ का म्हणून. माझ्या धाकट्याला ताप आला तर तीन दिवस त्याच्या खाटेजवळ फिरकली नाही. दिवाळीनंतर सासूबाई म्हणाल्या, जा, माहेरी दोन महिने राहून ये. दोन महिने म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. दीर मुळातच मुखदुर्बळ, तो एस.टी.त बसवून आला. होळी गेली, पाडवा गेला, कुणी तिचं नाव काढलं नाही.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, म्हणा ना. घरात एकच सून. पण नाना ताटावर बसत आणि ते वाक्य म्हणत नसत. पाट बंद झाला त्या दिवशीही म्हणाले नाहीत. भाकरी मोडून ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "थोरली, येस का पाटवर?"

तीन उन्हाळे ज्यासाठी जळले ते हे. मी सासूबाईंचं तेच लुगडं काढलं आणि गेले. चिखलात उतरले. एक टोक माझ्या हातात, दुसरं नानांच्या. मासे लुगड्यात आले, मी धरायला गेले तर निसटायचे. नाचता येईना, अंगण वाकडं. मी नानांना म्हटलं, लुगडंच जुनं झालंय. एक बारकासा मासा कसाबसा हातात आला, आणि त्याची खवलं माझ्या तळव्याला चिकटून राहिली. तेव्हा कळलं, मी हात कोरडेच ठेवले होते. नाना हळूच म्हणाले, ती आधी हात ओले करायची.

मला ते सहन झालं नाही. त्या क्षणीही आधी आला तो मत्सरच, हे कबूल करते. पश्चात्ताप मागून आला. मी म्हटलं, "नाना, शिपायाला पावडर टाकायला मी सांगितलं. तो विचारत होता. मी म्हटलं, मजूर पितात."

नानांनी हातातलं लुगड्याचं टोक सोडलं. ते पाण्यात पडलं, धरलेले मासे पुन्हा डबक्यात गेले. मग ते काठ चढले आणि चिखलाच्या धोतरानंच रस्त्याकडे चालू लागले. घराकडे नव्हे, एस.टी.च्या थांब्याकडे.

मी तिथंच राहिले. घरी कोणत्या तोंडानं जाणार? लुगड्याचं दुसरं टोक दगडाखाली दाबलं, ती दाबायची तसं, आणि हात ओले करून एकेक मासा हंड्यात टाकत बसले. गाळ काढणारी माणसं येता-जाता बघत होती. कुणीतरी म्हणालं, अरे, आज थोरली पाटात! मी मान वर केली नाही. दुपार कलली. हंडा भरला.

ऊन उतरताना काठावर पावलं वाजली. नाना होते, आणि त्यांच्या मागं ही. हातात कापडी पिशवी. नाना बांधावर माझ्याकडे पाठ करून बसले. ही काठाच्या अगदी टोकाशी येऊन उभी राहिली. मी मनाची तयारी केली. शिव्या देईल, लुगडं तोंडावर फेकेल, निदान थुंकेल तरी. मी तिच्या जागी असते तर काय काय केलं असतं ते मला ठाऊक होतं.

ती म्हणाली, "मंग मन्हा पाय पांढरा नही ना, अक्का?"

एवढ्या वाटेत तिनं एवढंच आणलं होतं. त्यात मी कुठंच नव्हते, माझ्यावरचा रागही नव्हता.

"नाही गं," मी म्हटलं. "पांढरी ती पावडर होती. आणि जीभ माझी."

ती मटकन खाली बसली आणि रडली. विहिरीवर रडायची राहिली होती ती सगळी रडली, नानांच्या देखत, गाळ काढणाऱ्यांच्या देखत. मला जवळ जावंसं वाटलं, पण पाय चिखलात रुतले होते आणि धीरही नव्हता. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर खोचला, खाली उतरली आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केले. हंड्यात वाकून बघत तिनं मला विचारलं, मरळ वेगळी काढली ना?

नव्हती काढली.